दोन हजार हातात येतात, मग जातात कुठं?

आमच्या निपाणीत, म्हणजे कर्नाटकातल्या मराठी सीमाभागात, रेशनच्या दुकानात आईचा अंगठा लागत नाही. दर महिन्याचं आहे हे. मशीनवर अंगठा ठेवते, लागत नाही, मग पदराला पुसून परत ठेवते, मग दुसरं बोट, मग डाव्या हाताचं, तोवर मागची लाईन चुळबूळ करायला लागते आणि दुकानवाला म्हणतो "आक्का, जरा साबण लावून हात धुवून या की." साबणानं काय होणार. तीस वर्षं तेंदूपत्ता कापला, त्यात तंबाखू भरली, गुंडाळून दोरा बांधला आणि विडीचं तोंड नखानं आत दाबलं, रोज हजाराच्या हिशोबानं, त्या बोटांच्या रेषाच झिजून गेल्यात. आमच्या गल्लीतल्या निम्म्या बायकांचं असंच आहे. मग कुणाच्या तरी मोबाईलवर ओटीपी मागवायचा, मोबाईल पोराकडं, पोरगा कामावर, म्हणजे तांदूळ उद्या, आणि उद्या परत लाईन.

हे लिहायला बसले कारण गेल्या दोन-अडीच वर्षांत एक वाक्य मी इतक्या ठिकाणी ऐकलंय की आता गप्प बसवत नाही. "बायकांना फुकट वाटून सरकारनं राज्य भिकेला लावलं." लग्नात जेवायला बसल्यावर ऐकलंय, बसस्टँडवर ऐकलंय, आमच्या ऑफिसात तर आठवड्यातून दोनदा. बोलणारी माणसं वाईट नसतात, काही आमच्याच घरातली आहेत. मी एका टॅक्सवाल्यांच्या ऑफिसात कामाला आहे, दिवसभर व्यापाऱ्यांची जीएसटी रिटर्न भरते आणि रविवारी गल्लीतल्या बायकांचे फॉर्म भरून देते, त्यामुळं ज्यांचा टॅक्स जातो त्यांचे आणि ज्यांना पैसे मिळतात त्यांचे, दोघांचेही कागद माझ्या हातातून जातात. आणि ते बघून मला जे दिसतं ते असं की गरिबाच्या घरात सरकारचे पैसे जास्त येतात हा प्रश्नच नाही, ते आलेले पैसे मजुरी, औषध, शाळा आणि कागदपत्रं या चार वाटांनी त्याच घरातून परत बाहेर जातात, आणि या वाटा पण सरकारी धोरणानंच पडलेल्या आहेत.

आधी जे चांगलं झालं ते सांगते. कर्नाटकात ११ जून २०२३ ला शक्ती योजना सुरू झाली, बायकांना राज्यातल्या साध्या बसमध्ये झिरो तिकीट. ३० ऑगस्ट २०२३ ला गृहलक्ष्मी सुरू झाली, रेशनकार्डावर जी बाई घरची प्रमुख तिच्या खात्यावर महिन्याला २००० रुपये. हप्ते थकतात, कधी दोन-तीन महिने काहीच येत नाही आणि मग एकदम येतात, पण येतात. माझ्या आईच्या नावावर आयुष्यात पहिल्यांदा असे पैसे आले ज्याचा हिशोब तिला कुणाला द्यायचा नव्हता. पहिल्या हप्त्यातनं तिनं चष्मा केला. दोन वर्षं डोळे बारीक करून विड्या वळत होती, चष्म्याला पैसे मागायला तिला संकोच वाटायचा. आणि झिरो तिकिटावर ती एकटी संकेश्वरला भाचीकडं जाऊन आली, कुणाला न विचारता. ज्यांच्या खिशात कायम पैसे असतात त्यांना यातलं मोठेपण कळायचं नाही, त्यांच्यावर राग नाही माझा, पण त्यांनी या पैशाला फुकट म्हणू नये.

आता फुकटचाच हिशोब काढायचा तर पूर्ण काढूया. कर्नाटकच्या पाचही गॅरंटींचा, म्हणजे शक्ती-गृहलक्ष्मी धरून निवडणुकीत कबूल केलेल्या पाच योजनांचा, खर्च २०२४-२५ च्या बजेटात साधारण ५२ हजार कोटी धरला होता. मोठी रक्कम आहे, नाही म्हणत नाही. पण सप्टेंबर २०१९ मध्ये केंद्र सरकारनं कंपन्यांचा इन्कमटॅक्स ३० वरून २२ टक्के केला, नव्या कारखान्यांना १५ टक्के, आणि त्याच दिवशी अर्थमंत्र्यांनी सांगितलं की यानं वर्षाला १ लाख ४५ हजार कोटींचा महसूल सोडावा लागेल. एक राज्याचा खर्च आहे, एक देशाचा, हे मान्य, तरी पण त्या सोडलेल्या टॅक्सला फुकट वाटलं असं म्हणणारा माणूस मला आजपर्यंत एकाही लग्नात भेटलेला नाही. २०१५ च्या बजेटात संपत्तीकर तर पूर्णच काढून टाकला, त्याची आठवण पण आता कुणाला नसेल. आणि खाली काय झालं, तर जुलै २०२२ मध्ये पॅकेटातल्या पिठावर, दह्यावर ५ टक्के जीएसटी लागला. तो सप्टेंबर २०२५ मध्ये बऱ्याच वस्तूंवर कमी केला, साबण-बिस्किटं ५ टक्क्यांत आली, चांगलं झालं. पण मधली जी वर्षं गेली त्यात आई पण तेवढाच टॅक्स भरत होती जेवढा आमच्या ऑफिसात येणारा होलसेलवाला भरतो, एका साबणाच्या वडीवर. "हे लोक टॅक्स भरत नाहीत" असं म्हणणाऱ्याला हे मी दर वेळी सांगते आणि दर वेळी ते नवीन ऐकल्यासारखं करतात.

बरं, आता ते दोन हजार. आमच्या गल्लीत त्यातले बहुतेक कुठं जातात माहितेय का, मायक्रोफायनान्सच्या, म्हणजे बायकांच्या गटाला कर्ज देणाऱ्या कंपनीच्या, हप्त्याला. मंगळवारी सकाळी दहा-बारा बायका एका घराच्या कट्ट्यावर जमतात, फायनान्सचा पोरगा टॅब घेऊन येतो, एकीचा हप्ता कमी पडला की बाकीच्यांनी भरायचा. आमच्या घरचं कर्ज कशाचं तर बाबांच्या ऑपरेशनचं. फेब्रुवारी २०२५ मध्ये कर्नाटकनं वटहुकूम काढला की वसुलीसाठी कर्जदाराला त्रास देणाऱ्याला १० वर्षांपर्यंत शिक्षा आणि ५ लाखांपर्यंत दंड, आणि तो काढायचीच गरज होती, आमच्या बेळगाव जिल्ह्यात सुद्धा लोकांना घराबाहेर काढून टाळं लावायचे प्रकार झाले होते. पण वटहुकूम वसुलीवर होता, कर्ज का घ्यावं लागलं त्यावर नव्हता. आमच्याकडं कर्ज दवाखान्यामुळं घ्यावं लागलं.

आणि दवाखान्याची गोष्ट सीमाभागात राहिल्याशिवाय समजायची नाही. निपाणीहून कोल्हापूर चाळीस किलोमीटर, बेळगाव पंचाहत्तरच्या आसपास. माणसाला छातीत दुखायला लागलं तर गाडी आपोआप कोल्हापूरच्या दिशेनं वळते. आजोबांच्या वेळेपासून तसंच आहे, सगळी सोयरीक, सगळा बाजार तिकडं. बाबांना घेऊन आम्ही तिकडच्या एका मोठ्या खासगी दवाखान्यात गेलो, खिशात कर्नाटकचं आरोग्याचं कार्ड. काउंटरवरच्या मुलीनं कार्ड उलटं-सुलटं करून बघितलं आणि म्हणाली हे इथं चालणार नाही, तुमच्या राज्यातल्या सरकारी दवाखान्याचं रेफर लेटर आणा. रात्रीचे साडेअकरा. भाऊ म्हणाला लेटर कोण देणार आत्ता, पैसे भरतो. भरले. ते कर्ज आम्ही अजून फेडतोय. २०२३ मध्ये महाराष्ट्र सरकारनं दावा असलेल्या ८६५ सीमाभागातल्या गावांना महात्मा फुले जन आरोग्य योजना लागू करायचं ठरवलं, निपाणी त्यात येते, आम्हाला केवढा आनंद झाला होता. कर्नाटकनं लगेच आक्षेप घेतला की आमच्या राज्यात येऊन तुम्ही योजना कशी राबवता. दोन्ही सरकारांना आपापलं बरोबर वाटत असेल, पण गरीब माणूस ज्या दवाखान्यात सहज पोचतो तिथं त्याचं कार्ड चालत नाही आणि जिथं चालतं तिथं तो वेळेत पोचत नाही, हा प्रश्न दोघांपैकी एकानंही आपला मानला नाही. दोन आरोग्य खात्यांनी बसून करार केला, की एवढ्या-एवढ्या तालुक्यांतल्या कार्डाला पलीकडच्या या-या दवाखान्यात रेफर लेटरशिवाय उपचार, पैसे आम्ही एकमेकांना देऊ, तर काय सीमा सरकणार आहे का कुणाची? सीमेचा सुप्रीम कोर्टातला दावा २००४ पासून पडून आहे, तो लागेल तेव्हा लागेल.

माझी मावशी कागलला दिलेली. म्हणजे आईची सख्खी बहीण, मधे फक्त कोगनोळीचा टोलनाका. तिला महाराष्ट्राच्या लाडकी बहीणचे १५०० मिळतात, आईला २०००. दोघी फोनवर बोलतात तेव्हा पहिला विषय हाच, तुझे आले का, माझे नाही आले अजून. तिला एसटीत अर्धं तिकीट, आईला झिरो, पण आई तिच्याकडं निघाली की झिरो तिकीट हद्दीपर्यंतच. आणि भाऊ कागलच्या पंचतारांकित एमआयडीसीत ठेकेदारामार्फत कामाला आहे, त्याला तर रोजचं पूर्ण तिकीट, त्यात ५ जानेवारी २०२५ पासून कर्नाटकनं बसभाडं १५ टक्के वाढवलं. घरात एकीचं तिकीट वाचलं आणि दुसऱ्याचं वाढलं. हे वाईट आहे असं मी म्हणत नाही, बायकांना झिरो तिकीट राहिलंच पाहिजे, पण घराचा हिशोब एकच असतो ना, घर असं थोडंच म्हणतं की ही शक्तीची पिशवी आणि ही भाड्याची.

आता मजुरी. माझ्या मते खरा प्रश्न इथं आहे आणि त्यावर सगळ्यात कमी बोललं जातं. निपाणीचं नाव तंबाखूवर झालं. १९८१ मध्ये शरद जोशींच्या नेतृत्वाखाली तंबाखूवाल्या शेतकऱ्यांनी पुणे-बंगळूर हायवे धरून ठेवला, पोलिसांनी गोळीबार केला, शेतकरी गेले, त्याच्या आठवणी आमच्याकडं अजून निघतात. पण त्याच तंबाखूच्या विड्या वळणाऱ्या बायकांच्या मजुरीसाठी पण इथं लढे झाले ते बाहेर कुणाला माहीत नसतात. विडीचं काम हजारावर चालतं. पान मुकादमाकडून आणायचं, घरी भिजवायचं, कापायचं, वळायचं, बांधायचं, आणि संध्याकाळी नेऊन द्यायचं, तिथं पंचवीस-पंचवीसच्या कट्ट्या तपासतात आणि खराब म्हणून काही बाजूला काढतात, त्याचे पैसे नाहीत. पान कमी पडलं तर स्वतःच्या पैशानं घ्यायचं. सरकारनं हजारी किमान मजुरी ठरवलेली असते, महागाई भत्ता असतो, सगळं कागदावर असतं, पण जी बाई घराच्या उंबऱ्यात बसून काम करते तिच्याकडं कुठला इन्स्पेक्टर येणार. लॉगबुकावर एकीचं नाव आणि वळणाऱ्या तिघी, सासू, सून आणि शाळेतनं आलेली पोरगी, हे माझ्या लहानपणी मी स्वतः केलंय, चौथीत होते.

१९७६ मध्ये विडी कामगार कल्याण सेसचा कायदा झाला होता. विडीवर हजारामागं थोडा सेस, आणि त्या पैशातनं कामगारांच्या पोरांना स्कॉलरशिप, दवाखाना, घरासाठी मदत. मला स्वतःला ती स्कॉलरशिप मिळालेली आहे, माझ्या दहावीच्या वह्या-पुस्तकं त्यातनं आली, म्हणून हा विषय मी विसरू शकत नाही. १ जुलै २०१७ ला जीएसटी आला आणि तो सेस रद्द झाला. विडीवर २८ टक्के जीएसटी लागला. योजना बजेटमधनं चालू ठेवू असं ठरलं, पण पूर्वी विडीवर गोळा झालेला पैसा कायद्यानंच विडी वळणाऱ्यांसाठी राखलेला होता, आता तो देशाच्या तिजोरीत जातो आणि कामगारांनी दर वर्षी मागून घ्यायचा. टॅक्स कितीतरी पटीनं वाढला आणि वळणारीचा त्यावरचा हक्क संपला. सप्टेंबर २०२५ मध्ये जीएसटी कौन्सिलनं विडी २८ वरून १८ वर आणि तेंदूपत्ता १८ वरून ५ वर आणायचं ठरवलं, तेव्हा कारखानदारांना दिलासा अशा बातम्या आल्या. त्या दिलाशातले हजारामागं चार रुपये मजुरीत जावेत अशी अट घालायचं कुणाला सुचलं नाही. नंतर नोव्हेंबर २०२५ मध्ये नवे लेबर कोड, म्हणजे कामगारांचे एकत्र केलेले कायदे, लागू झाले, १९६६ चा विडी-सिगार कामगारांचा वेगळा कायदा पण त्यातच गेला. आमच्या गल्लीत एकाही बाईला हे कुणी सांगितलेलं नाही.

आणि तीस वर्षं वळून शेवटी काय, तर पीएफची पेन्शन, कमीत कमी १००० रुपये. ही कमीत कमी रक्कम सप्टेंबर २०१४ मध्ये ठरली, त्यानंतर गॅसची टाकी, तेल, डाळ सगळं कुठल्या कुठं गेलं, पेन्शन तिथंच. केंद्राच्या वृद्धापकाळ पेन्शनमधला केंद्राचा वाटा तर साठ ते एकोणऐंशी वयापर्यंत २०० रुपये आहे, आणि तो आकडा २००७ पासून तोच. यात कुठलीही गोळी चालत नाही, कुणी कुणाला मारत नाही, फक्त एक आकडा बदलायचा नाही, तेवढ्यानं म्हातारी माणसं दर वर्षी थोडी-थोडी गरीब होत जातात.

गरीब कुणाला म्हणायचं हे पण सरकारनं एकदा ठरवावं. कर्नाटकात बीपीएल कार्डाला वर्षाचं उत्पन्न १ लाख २० हजारांच्या आत पाहिजे, म्हणजे घराला महिन्याला दहा हजार. इकडं त्याच सरकारनं ठरवलेली किमान मजुरी बहुतेक धंद्यांत अकुशल कामगाराला सुद्धा महिन्याला दहा हजारांच्या वर जाते. म्हणजे मालकानं कायदा पाळला तर कामगाराचं कार्ड जातं, आणि कार्ड टिकवायचं असेल तर मालकानं कायदा मोडलेला बरा! मी स्वतः फॉर्म भरताना बायकांना विचारते किती उत्पन्न लिहू, तर त्या माझ्याकडं बघत राहतात, त्यांना खरं सांगायची भीती वाटते आणि खोटं सांगायची लाज वाटते. महाराष्ट्रात लाडकी बहीणला हीच मर्यादा अडीच लाख. रिझर्व्ह बँकेच्या नियमात मायक्रोफायनान्सचं कर्ज द्यायला घराचं उत्पन्न ३ लाखांपर्यंत चालतं, म्हणजे कर्ज द्यायच्या वेळी तीन लाखवाला गरीब. ईडब्ल्यूएसच्या, म्हणजे आर्थिक दुर्बळांच्या, आरक्षणाला ८ लाखांपर्यंत गरीब. आणि २०२५-२६ पासून १२ लाखांपर्यंत इन्कमटॅक्स नाही. मला बारा लाखवाल्याचा हेवा नाही, मध्यमवर्गाला पण महागाई आहे, पण एक लाख एकवीस हजारवाल्या घराला तुम्ही गरीब नाही म्हणून तांदूळ बंद करायचा, हे कुठल्या तोंडानं? २०२४ च्या नोव्हेंबरात बीपीएल कार्डं रद्द व्हायला लागली तेव्हा राज्यभर ओरड झाली, मग सरकारनं पाऊल मागं घेतलं, पण भीती बसली ती बसलीच.

आमच्या ऑफिसातलं एक उदाहरण देते, नाव-गाव नको. बेळगावच्या उद्यमबागेत फौंड्र्या आणि मशीनशॉप आहेत, त्यांचं किरकोळ जॉबवर्क करणारी पुष्कळ पोरं आहेत, एक लेथ, एक शेड, बायको हिशोब बघते. जॉबवर्कला वर्षाला २० लाखांपर्यंत जीएसटी नंबर लागत नाही. पण मोठा कारखाना म्हणतो नंबर असेल तरच काम, कारण त्याला क्रेडिट पाहिजे असतं, म्हणजे कामावर दिलेला जीएसटी स्वतःच्या टॅक्समधनं वजा करायचा असतो. म्हणून यानं नंबर घेतला. आणि गृहलक्ष्मीचा नियम असा की नवरा-बायको दोघांपैकी कुणी इन्कमटॅक्स किंवा जीएसटी रिटर्न भरत असेल तर पैसे नाहीत. झालं, बायकोचे दोन हजार बंद. महिन्याला अठरा-वीस हजारांत चार माणसांचं घर चालवणारा हा माणूस सरकारच्या कॉम्प्युटरला व्यापारी दिसतो. टॅक्स भरायला लागणारा कागद आणि श्रीमंती यात फरक आहे एवढं तरी नियम लिहिणाऱ्याला समजायला पाहिजे होतं.

कागदावरनं भाषेवर येते, कारण सीमाभागात कागद म्हणजे भाषाच. आईच्या नावापुढं पीएफच्या कार्डात "बाई" आहे, आधारवर नाही, आणि रेशनकार्डावर कुणा क्लार्कनं कानडी पद्धतीनं "व्वा" लावून ठेवलंय. आडनावातला "ळ" इंग्रजीत गेला तेव्हा "ल" झाला, तिथनं कानडीत आला तेव्हा आणखी वेगळा झाला. एकाच बाईची तीन नावं. प्रत्येक ठिकाणी ती खरी आहे, आणि एकत्र आणली की सगळीकडं संशयित. फॉर्म कानडीत किंवा इंग्रजीत, सरकारी अर्जांचं सेवा सिंधू पोर्टल पण तसंच. मराठीतनं शिकलेल्या पन्नाशीच्या बाईला तो वाचता येत नाही, मग ऑनलाईन सेंटरवाल्याला शंभर-दोनशे द्यायचे, त्यानं चूक केली तर दुरुस्तीला परत शंभर. श्रीमंत मराठी माणसाला हा त्रास नाही, त्याचं सगळं आमच्यासारखी ऑफिसं बघतात. १९५६ मध्ये राज्यं पुन्हा रचली तेव्हाच भाषिक अल्पसंख्याकांसाठी ठरलं होतं की जिथं ते १५ टक्क्यांच्या वर आहेत तिथं सरकारी सूचना, नियम त्यांच्या भाषेत पण द्यायचे. १ नोव्हेंबरला, कर्नाटकच्या स्थापनादिनी, काळा दिवस आम्ही दर वर्षी पाळतो, मराठी माणसांच्या महामेळाव्याला गर्दी होते, ते व्हावं. पण एक मराठी फॉर्म म्हणजे गरीब बाईचे दोन हेलपाटे आणि दीडशे रुपये वाचणं, ही मागणी भाषणात शेवटी येते, मला वाटतं ती पहिली यावी. आणि हे पण सांगते, त्याच लाईनीत कानडी बोलणारी बाई पण असते, तिला वाचता येत असलं तरी तिच्या बोटाच्या रेषा पण गेलेल्याच असतात. आमच्या गल्लीत कानडी-मराठी दोन्ही घरं आहेत आणि मंगळवारच्या कट्ट्यावर हप्ता दोघींचा सारखाच असतो.

शाळेबद्दल थोडकंच. घटनेत ३५०ए कलम आलं ते पण १९५६ मध्येच, प्राथमिक शिक्षण मातृभाषेत मिळायची सोय करा असं ते सांगतं. सरकारी मराठी शाळा आहेत आमच्याकडं, पण कायमचे शिक्षक कमी, अतिथी शिक्षक मधेच येतात मधेच जातात. आणि दुसरं दार होतं आरटीईचं, म्हणजे शिक्षण हक्क कायद्याचं, गरीब पोरांना खासगी शाळेत २५ टक्के जागा. २०१८-१९ च्या सुमारास कर्नाटकनं नियम बदलला, जवळ सरकारी किंवा अनुदानित शाळा असेल तर खासगी शाळेत आरटीईची जागा नाही. सरकारी शाळा मजबूत करायच्या हा विचार वाईट नव्हता, पण शाळा मजबूत केल्या नाहीत आणि जागा मात्र गेल्या. आता गल्लीतली पोरं इंग्लिश मीडियमच्या स्वस्त शाळेत जातात, फी कशातनं, तर गृहलक्ष्मीतनं. म्हणजे सरकारनं दिलेले पैसे सरकारनं न दिलेल्या शिक्षणावर जातात.

खानापूरकडं तर आणखी वेगळं. रोजगार हमीची मजुरी कर्नाटकात २०२५-२६ ला ३७० रुपये होती, महाराष्ट्रात ३१२, म्हणजे चंदगडच्या माणसापेक्षा खानापूरच्या माणसाला दिवसाला ५८ रुपये जास्त, बरं होतं. पण हजेरी मोबाईल ॲपवर, कामावरचे फोटो दिवसातनं दोनदा, आणि कणकुंबी-जांबोटीच्या जंगलपट्टीतल्या कितीतरी गावांत रेंज नाही. जानेवारी २०२४ पासून मजुरी आधारशी जोडलेल्या खात्यावरच. काम केलेलं खरं, घाम खरा, पण फोटो चढला नाही तर दिवस नाही. तिकडं ओळखीची एक वैनी आहे, ती म्हणाली आमी काम करायलोय त्याचा फोटो काढायला डोंगरावर जायला लागतंय, मग तेवढ्यात काम कोण करणार.

दर वर्षी हिवाळ्यात बेळगावजवळ हलग्याच्या सुवर्णसौधमध्ये विधिमंडळाचं अधिवेशन भरतं, दहा दिवस सगळं सरकार बेळगावात असतं, हॉटेलं फुल्ल, हायवेवर गाड्यांची रांग. त्यांनी इथं असताना एवढं तरी करावं. बीपीएलची मर्यादा किमान मजुरीला जोडा, मजुरी वाढली की मर्यादा पण वाढली पाहिजे. अंगठा लागत नसेल तर दुकानातच रजिस्टरवर सही घेऊन तांदूळ द्या, विडीवाल्या, भांडी घासणाऱ्या, शेतात राबणाऱ्या बायकांची यादी करायला किती वेळ लागतो. जीएसटी रिटर्नची अट काढून उलाढाल बघा. फॉर्म मराठीत पण छापा. विडीवरच्या टॅक्समधला ठरावीक हिस्सा विडी कामगारांसाठी कायद्यानं राखून ठेवा, हे केंद्राचं काम आहे, पण मागणी राज्यानं करता येते. आणि दवाखान्याचा तो करार. यातल्या कशालाही गृहलक्ष्मीच्या दोन हजारांएवढा खर्च येणार नाही, काहींना तर पैसेच लागत नाहीत.

मी हे लिहितेय तेव्हा आई शेजारी सूप घेऊन बसलीय. आता हजार होत नाहीत, पाचशे-सहाशेवर हात थांबतो, मान दुखते म्हणते. तिची पेन्शन अजून सुरू नाही. वय होऊन तीन वर्षं झाली, नावाच्या दुरुस्तीसाठी पीएफच्या जॉइंट डिक्लेरेशन फॉर्मवर मालकाची सही पाहिजे आणि ज्या कारखान्याच्या नावावर तिचा पीएफ कापला गेला तो आता बंद आहे, मालकाचा मुलगा पुण्याला असतो असं कळलं. त्याचा नंबर कालच मिळालाय. सोमवारी बेळगावला जायचं ठरवलंय, तिला झिरो तिकीट, मला पण झिरो, पण तिचा दिवस जाणार आणि माझी रजा. तिनं विचारलं, "त्येनी सही दिली न्हाई तर?" मी म्हटलं मग दुसरा काहीतरी फॉर्म असेल, बघू. ती परत पान कापायला लागली.